सायकलवर कानात काय घालावं? वायरलेस इअरफोन घेण्याआधी

रविवारी पहाटे आमचा पुण्यातला सहा-सात जणांचा ग्रुप बोपदेव घाटातून सासवडला जातो. रांगेत चालवायचा एक साधा रिवाज आहे. पुढच्याला खड्डा दिसला की तो ओरडतो, "खड्डा, डावीकडे!" मग प्रत्येक जण तीच आरोळी मागच्याला देतो. त्या दिवशी मी रांगेत चौथा होतो. कानात आठवड्यापूर्वी घेतलेले इअरबड होते, बाहेरचा गोंगाट गिळून टाकणारे. आरोळी तिसऱ्यापर्यंत आली आणि माझ्यापाशी संपली. पुढच्याची सायकल उजवीकडे झाली म्हणून मीही झालो. माझ्या मागचा सरळ खड्ड्यात गेला. त्याचं कोपर सोललं, पुढच्या चाकाचे दोन स्पोक तुटले आणि रिम आऊट झाली. तो मला एक शब्द बोलला नाही. दुकानात चाक सरळ होईपर्यंत दोन तास आम्ही शेजारी बसून चहा पीत होतो, त्या दोन तासांत मी हे सगळं पहिल्यांदा नीट विचारात घेतलं.

तेव्हापासून सायकलसाठी इअरफोन बघताना गाण्याची गोडी मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो ते एवढंच, की हा घातल्यावर मागच्या माणसाची हाक ऐकू येते का. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी ठरवा, ऐकायचं काय आहे

दुकानात जाण्याआधी एक दिवस काहीही न घालता नेहमीच्या रस्त्यावर सायकल चालवा आणि कान कशाकशावर चालतात ते बघा. टायरची सळसळ बदलली की हवा कमी झाल्याचं कळतं. चेन कुरकुरली की तेल हवं असतं. मागे कुत्रं धावतंय हे त्याच्या नखांच्या आवाजावरून भुंकण्याआधीच समजतं. रिक्षा, डंपर, पीएमपीची बस हे न बघता ओळखता येतात. आणि आता इलेक्ट्रिक स्कूटर आल्या आहेत, ज्यांचा आवाज मुळातच नावापुरता. पूर्वी इंजिनाची फटफट आधी यायची आणि गाडी नंतर. आता स्कूटर कोपराला लागून निघून जाते तेव्हा कळतं की होती.

एक साधा हिशोब करा. तुम्ही ताशी २० किलोमीटरने चालला आहात आणि मागून गाडी ताशी ६० ने येते आहे. दोघांमधलं अंतर सेकंदाला सुमारे ११ मीटरने कमी होतं. ती ६० मीटरवर असताना कानावर आली तर तुमच्याकडे पाचेक सेकंद आहेत: आरशात बघायला, कडेला सरकायला, खड्डा टाळायचा बेत बदलायला. तीच २० मीटरवर आल्यावर कळली तर दोन सेकंदही नाहीत.

"कारवाले नाही का काचा लावून गाणी ऐकत?" हा युक्तिवाद मी बरेचदा ऐकला आहे, एकेकाळी स्वतःही केला आहे. कारवाल्याला तीन आरसे असतात आणि भोवती पत्रा असतो. आपल्याला दोन्ही नाही. त्यामुळे हजारो रुपये कानासाठी मोजण्याआधी तीन-चारशे रुपयांचा हँडलचा आरसा आणि एक बरा मागचा लाल दिवा घेतला नसेल, तर खरेदीची सुरुवात तिथून करा.

मग स्वतःला विचारा की इअरफोन हवाय कशाला. नकाशाचे "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" एवढंच ऐकायचं असेल, तर फार काही लागत नाही. हँडलवरच्या पिशवीत ठेवलेल्या फोनचा स्पीकरही चालतो. मुलाखती, बातम्या, कथाकथन ऐकायचं असेल तर बोलणं स्पष्ट हवं. ढोल-ताशाचा ठेका छातीत घुमायला हवा असेल, तर तो सायकलवर मिळणार नाही हे आताच मान्य करा. घुमणारा खर्ज हवा तर कान बंद लागतो, आणि आपल्याला कान उघडा ठेवायचा आहे.

चार प्रकार, आणि त्यातला एक लगेच बाद

कानाच्या भोकात घट्ट बसणारे, सिलिकॉनची टोपी असलेले इअरबड सगळ्यांकडे असतात, कारण तेच सगळ्यात जास्त विकले जातात. लोकलमध्ये, विमानात, ऑफिसात ते उत्तम. सायकलवर मात्र ते बोळ्याचं काम करतात. त्यात गोंगाट दाबण्याची सोय चालू असेल तर आणखी वाईट: ही सोय इंजिनाच्या घरघरीसारखे खालच्या पट्टीतले, सलग आवाज सगळ्यात छान पुसते, आणि मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज नेमका तसाच असतो.

"पण माझ्यात बाहेरचा आवाज आत सोडायचा मोड आहे," असं कुणी म्हणेल. माझ्यातही होता. तो मोड बाहेरचा माइक वापरून आवाज पकडतो आणि आत पुन्हा वाजवतो. बसल्याजागी झकास चालतो. सायकलने वेग घेतला की तोच माइक वारा पकडतो आणि कानात फरफर सुरू होते. काही मॉडेल वारा ओळखून तो माइक दाबतात, म्हणजे पुन्हा बोळा. बॅटरी संपली की मोड जातो, बोळा राहतो. आणि हेल्मेटचा पट्टा सारखा करताना बोट चुकून लागलं की मोड बदलतो. सायकलसाठी हा प्रकार मी बाद धरतो.

दुसरा प्रकार हाडामार्गे आवाज नेणारे, बोन कंडक्शन. यात कानाच्या पुढे, गालफडाच्या हाडावर एक लहान गादी टेकते. ती थरथरते, कंप हाडातून थेट आतल्या कानात पोचतो, कानाचं भोक पूर्ण मोकळं राहतं. दोन्ही गाद्या डोक्यामागून जाणाऱ्या एका पट्टीने जोडलेल्या असतात, म्हणून एक पडून हरवण्याची भीती नाही. शॉक्झ ही कंपनी, जिचं जुनं नाव आफ्टरशॉक्झ, यासाठी सायकलवाल्यांत जास्त ओळखीची. तिच्या ओपनरन मॉडेलचं वजन २६ ग्रॅम आणि बॅटरी आठ तासांची. उणं काय? खर्ज पातळ. आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या होतात, काहींना त्या अजिबात सोसत नाहीत. आणि एक गैरसमज इथेच खोडतो: कानाचा पडदा वगळला म्हणून कान सुरक्षित, असं नाही. मोठ्या आवाजाने नुकसान होतं ते आतल्या कानातल्या केसांसारख्या नाजूक पेशींचं, आणि हाडातून आलेला आवाजही तिथेच जातो. यातल्या काही डब्यांत फोमचे बोळेही देतात. ते घातले की आवाज एकदम भरदार होतो. विमानात जरूर घाला. रस्त्यावर घातलेत तर हे महागडं यंत्र घेतलंच कशाला?

तिसरा प्रकार उघड्या कानाचे, पण हवेतून आवाज सोडणारे. कानावर आकडा अडकतो आणि छोटा स्पीकर भोकाच्या तोंडाशी, आत न शिरता, तरंगत राहतो. काही कानाच्या पाळीच्या कडेला चिमट्यासारखे बसतात. यांचा आवाज बोन कंडक्शनपेक्षा गोड असतो, गुदगुल्या नाहीत. भारतीय ब्रँडही आता यात आले आहेत, त्यामुळे दोन-तीन हजारांपासून सुरुवात होते आणि वर पंचवीस हजारांपर्यंत जाते. उणं असं की वारा लागला की आवाज उडून जातो.

चौथा, मधला प्रकार: सिलिकॉनची टोपी नसलेले साधे बड, किंवा सोनीने २०२२ मध्ये आणलेल्या लिंकबड्ससारखे मध्ये भोक असलेले. कान थोडा बंद, थोडा उघडा. शहरातल्या छोट्या फेरीला चालतात. खडबडीत रस्त्यावर कधी निसटतील ते सांगता येत नाही. पावसाळी गटाराच्या जाळीत गेलेला बड परत मिळत नाही.

माझं मत विचाराल तर चष्मा नसलेल्याने तिसरा प्रकार आधी बघावा, चष्मेवाल्याने आणि लांब पल्ल्याच्या माणसाने दुसरा. हे असं का, ते हेल्मेटपाशी कळेल.

एकाच कानात घातला तर?

पैसे वाचवायचे असतील तर हाच उपाय सुचतो, आणि दोन्ही कान बुजवण्यापेक्षा तो बरा आहे. पण आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांची तुलना करून ठरवतो. एका कानात आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोचतो, किंचित मोठा असतो, त्यावरून दिशा कळते. एक कान बुजवला की हॉर्न ऐकू येतो, कुठून ते कळत नाही.

तरीही एकच घालायचा तर डाव्या कानात घाला. आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालतो, गाड्या उजवीकडून पुढे जातात. उजवा कान मोकळा हवा. परदेशी व्हिडिओ बघून उलटं करू नका, त्यांच्याकडे रस्ताच उलटा आहे. आणि फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मोनो आवाज, म्हणजे दोन्ही बाजूंचा एकत्र, चालू करा, नाहीतर गाण्यातला अर्धा वाद्यमेळ गायब झालेला असतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण आपली बरीच मुलं परदेशात सायकलने कॉलेजला आणि कामाला जातात. फ्रान्समध्ये १ जुलै २०१५ पासून सायकलवरही कानात इअरफोन घालायला बंदी आहे, दंड १३५ युरो. कॅलिफोर्नियात दोन्ही कान झाकायला मनाई आहे, एक चालतो. नेदरलँड्समध्ये हातात फोन धरून सायकल चालवायला २०१९ पासून बंदी आहे, इअरफोनला नाही. ट्रायथलॉनच्या स्पर्धेत इअरफोन चालत नाहीत. इतर राईड आणि स्पर्धांमध्ये आयोजकांचे नियम नाव नोंदवतानाच वाचा.

हेल्मेट, गॉगल आणि इअरफोन: खरी परीक्षा इथे

दुकानात माणूस इअरफोन नुसत्या डोक्यावर घालून बघतो, "मस्त आहे" म्हणतो आणि पैसे देतो. घरी येऊन हेल्मेट घातलं की भांडण सुरू. म्हणून जाताना स्वतःचं हेल्मेट आणि गॉगल किंवा चष्मा पिशवीत घेऊन जा. दुकानदार बघेल जरा विचित्र, बघू दे.

कानाच्या मागची जागा इंच-दीड इंचाची. त्यात चष्म्याची काडी येते, इअरफोनचा आकडा येतो आणि शेजारून हेल्मेटचे दोन पट्टे खाली उतरून कानाखाली वायच्या आकारात एकत्र येतात. हे तिघे एकमेकांवर चढले की पहिली वीस मिनिटं काही वाटत नाही. चाळीस मिनिटांनी कानाच्या वरच्या मुळाशी ठणका लागतो, आणि खडकवासल्याला पोचेपर्यंत तुम्ही तो इअरफोन खिशात टाकलेला असतो. म्हणून दुकानात किमान पंधरा-वीस मिनिटं तिन्ही घालून उभे राहा. गप्पा मारा, इतर मॉडेल बघा, पण काढू नका.

घालायचा क्रमही महत्त्वाचा. आधी इअरफोन, मग हेल्मेट, मग सगळ्यात शेवटी गॉगल, काड्या पट्ट्याच्या बाहेरून. असं केलं की गॉगल काढताना इअरफोन उपसला जात नाही. नंबरच्या चष्म्याला हे जमेलच असं नाही, कारण काडी कानाला नीट टेकली नाही तर नंबर हलतो. अशांनी आकडा अगदी बारीक, रबरी तारेसारखा असलेलं मॉडेल बघावं. जाड काडी आणि जाड आकडा हे लग्न टिकत नाही. बोन कंडक्शनचा आकडाही कानावरूनच जातो, पण त्यावर सगळा भार नसतो; मागची पट्टी अर्धा भार घेते. चष्मेवाल्याला मी तो सुचवला तो म्हणून.

आता मागची पट्टी. हेल्मेट घट्ट करायची चकती डोक्याच्या मागे, मानेच्या वर असते. इअरफोनची पट्टी तिच्या खाली मोकळी राहायला हवी. सरळ उभं राहून ती राहतेच. पण रोड बाइकवर वाकलेले हँडल धरले की मान वर उचलावी लागते, मानेच्या मागे वळी पडते आणि ती वळी पट्टीला पुढे ढकलते. गाद्या गालावरून सरकतात, आवाज अर्धा होतो. दुकानात खुर्चीवर वाका, हात पुढे टेकवा आणि समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघा. पट्टी टोचली किंवा सरकली तर लहान पट्टीचं मॉडेल मागा. काही कंपन्या दोन मापं काढतात. लांब केस असतील तर अंबाड्यावर पट्टी बसत नाही, खाली वेणी किंवा मानेजवळची पोनी बरी. पावसाळी जॅकेटची उंच कॉलरही अशीच पट्टी ढकलते, तेव्हा पावसात चालवणाऱ्याने जॅकेटही सोबत न्यावं. हसू नका, मी नेलं होतं.

आणि पुण्यातली खास गोष्ट, स्कार्फ. धुळीसाठी डोकं-कान गुंडाळून वर हेल्मेट घालत असाल तर उघड्या कानाचा इअरफोन आत झाकला जातो आणि बाहेरचा आवाजही अडतो. तोंडाला मास्क लावा, कान मोकळे ठेवा.

घाम, पाऊस, धूळ: खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

खोक्यावर आयपी ही अक्षरं आणि पुढे दोन खुणा असतात. पहिला आकडा धुळीचा, ० ते ६. दुसरा पाण्याचा. पहिल्या जागी एक्स असेल तर धुळीची चाचणी नोंदवलेली नाही एवढाच अर्थ. पाण्याच्या ४ म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणारे शिंतोडे, ५ म्हणजे नळीतून येणारी धार, ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास. गंमत अशी की ७ असला म्हणून ५ आपोआप येत नाही, दोन्ही वेगळ्या चाचण्या आहेत. वर ज्याचा उल्लेख केला त्या ओपनरनला आयपी ६७ आहे, म्हणजे धूळही पूर्ण बंद.

आपल्याकडे ऑक्टोबर ते मे कोरड्या रस्त्याला आयपीएक्स ४ पुरतो. ताम्हिणीत जुलैत जाणाऱ्याने आयपी ५५ च्या खाली जाऊ नये. पण या चाचण्या गोड्या, स्वच्छ पाण्याच्या असतात. घामात मीठ असतं, आणि मीठ चार्जिंगच्या टोकांना हिरवट गंज आणतं. माझा एक जुना नेकबँड पावसाने नाही, घामाने गेला. तेव्हा चार्जिंगची जागा बघा: साधं टाइप-सी भोक असेल तर त्यावर घट्ट रबरी झाकण हवं. आणि वॉरंटीच्या कागदात पाण्याने झालेलं नुकसान धरलंय की वगळलंय, ते घेण्याआधी वाचा. खोक्यावर धबधब्याचं चित्र असतं, आत बारीक अक्षरात वेगळंच लिहिलेलं असतं.

खोकं हातात आहे तोवर भारतीय मानक ब्यूरोची खूणही बघा, आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो. कानाला चिकटून लिथियमची बॅटरी ठेवायची आहे, पदपथावरची नक्कल इथे नको.

बटणं, बॅटरी, माइक

दाबायचं खरं बटण घ्या. स्पर्शाने चालणारा पृष्ठभाग घामाच्या थेंबाला बोट समजतो आणि हातमोज्यातल्या बोटाला ओळखत नाही. हिवाळ्यात पहाटे हातमोजे घालून उतारावर आवाज बंद करायचा असतो तेव्हा या फरकाची किंमत कळते.

बॅटरीचे तास चार्जिंगच्या डबीतली बॅटरी धरून सांगतात, "चाळीस तास" वगैरे. आपल्याला एका चार्जिंगचे तास हवेत. रविवारच्या राईडला सहा पुरतात. २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या राईडला, साडेतेरा तासांची मुदत असते, तिथे आठ तासांचा इअरफोन सतत लावून पुरणार नाही. फक्त अनोळखी वळणांवर नकाशासाठी लावा, तसाही थकल्यावर बोलणं नकोसं होतं. दहा मिनिटांच्या चार्जिंगवर तासभर चालणारा असेल तर नाश्त्याच्या थांब्यावर काम होतं.

माइकवर पैसे घालवू नका. चालत्या सायकलवर वाऱ्यात कुठलाच माइक धड नसतो, आणि फोन आला तर कडेला थांबूनच बोलायचं आहे. आवाज तुटत असेल तर इअरफोनला शिव्या देण्याआधी फोनची जागा बदला. ब्लूटूथच्या लहरी शरीरातल्या पाण्यात शोषल्या जातात; जर्सीच्या मधल्या खिशातला फोन इअरफोनच्या मुख्य बाजूच्या खिशात घातला की बहुतेक वेळा तक्रार संपते.

घरी आणल्यावर, परत करायची मुदत संपण्याआधी

ऑनलाइन घेतला असेल तर परतीचे दिवस मोजकेच असतात. पहिल्याच संध्याकाळी तीन गोष्टी करून बघा.

टेबलफॅन समोर ठेवा, मधल्या वेगावर, तोंड त्याच्याकडे. कुणाचं तरी भाषण लावा. शब्द कळायला आवाज कुठवर चढवावा लागतो ते बघा. तीन चतुर्थांशाच्या वर गेला तर रस्त्यावर तो निरुपयोगी आहे, कारण तुम्ही तो सतत वाढवत राहाल.

मग पंखा बंद करा आणि घरातल्या कुणाला तरी मागे दहा पावलांवर उभं करा. तुम्हाला आधी न कळवता कधी किल्ल्या वाजवायला, कधी साध्या आवाजात हाक मारायला, कधी सायकलचं पेडल उलटं फिरवायला त्यांना सांगा. प्रत्येक वेळी आवाज कुठून आला तिकडे बोट दाखवा. माझ्या मुलीने या खेळात मला सहापैकी चारदा हरवलं, जुन्या बडसह. उघड्या इअरफोनने सहाही बरोबर आले.

तिसरी: हेल्मेट, चष्मा, इअरफोन घालून उजव्या खांद्यावरून मागे बघा. वीस वेळा. रस्ता ओलांडण्याआधी आपण हेच करतो. मग जागच्या जागी उड्या मारा. एकदाही हात लावून सारखा करावा लागला तर तो सिमेंट रस्त्याच्या सांध्यांवर टिकणार नाही.

आवाज किती, आणि कधी

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येतो: ८३ ला वीस तास, ८६ ला दहा, ८९ ला पाच. आणि सायकलवाल्याच्या कानावर वाऱ्याचा मारा आधीच असतो. त्यावर मात करायला आवाज चढवणं म्हणजे एका गोंगाटावर दुसरा रचणं.

मी डेसिबल मोजत बसत नाही. स्वतःच्या टायरची सळसळ ऐकू येते का, एवढं बघतो. नसेल येत तर आवाज खाली. फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालायची सोय असते, ती एकदा लावून ठेवा.

चढ-उताराचा नियम मात्र मला खूप उपयोगी पडला. घाट चढताना वेग आठ-दहा, वारा जवळजवळ नाही, वेळ भरपूर, तेव्हा ऐका. उतार लागला की बंद. तिथे वाऱ्यामुळे शब्द कळतच नाहीत, आणि बाकी सगळी इंद्रियं रस्त्याला लागलेली असतात. चौक, पूल, बोगदा, शाळेचा परिसर, मोठ्या रस्त्याला मिळणारा उतार इथेही बंद. कात्रजच्या जुन्या बोगद्यात तर कान हेच डोळे.

निघण्याआधी फोन डू नॉट डिस्टर्बवर टाका, फक्त घरचे दोन नंबर मोकळे ठेवा. आपोआप फोन उचलण्याची सोय बंद करा. तीन तासांची यादी आधीच लावून ठेवा, म्हणजे सिग्नलला फोन काढून गाणं शोधायची वेळ येत नाही.

परत आल्यावर

ओल्या, न पिळलेल्या फडक्याने नाही, तर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने घाम पुसा, मग कोरड्याने. लगेच चार्जिंगला लावू नका. ओल्या टोकांतून वीज गेली की गंज जास्त वेगाने चढतो. तासभर पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात खुपसू नका, भोकांत पिठूळ जातं. बुटांच्या खोक्यात येणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जपून ठेवा, त्या एका डबीत इअरफोनसोबत टाका.

पावसाळ्यात कान स्वतःही कोरडे ठेवायला हवेत. भिजलेल्या कानात सिलिकॉनचा बोळा तास-दोन तास राहिला की बुरशीला आयतं घर मिळतं. खाज, जडपणा, दडा बसल्यासारखं वाटलं तर काडी घालून कोरू नका, इअरफोन बंद ठेवा आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

आमच्या ग्रुपमध्ये आता एक ठरलं आहे. एकट्याने घाटापर्यंत येताना कानात काय घालायचं ते ज्याने त्याने बघावं. येवलेवाडीला जमल्यावर, रांग धरण्याआधी, सगळ्यांचे इअरफोन खिशात जातात. शेवटून दुसरा सगळ्यांवर नजर टाकून मगच "चला" म्हणतो. हे काम सध्या त्याच्याकडे आहे, ज्याचे दोन स्पोक माझ्यामुळे तुटले होते.